हिलालआबाचा निळा दगड

हिलाल वामन पाटील अमळनेरकडचे. सुरतेला आले ते कापड रंगवायला. पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये त्यांनी जेट मशीनवर, उकळत्या रंगाच्या वाफेत, बारा वर्षं काढली. तेराव्या वर्षी जिना चढताना छातीतून पिपाणीसारखा आवाज यायला लागला. डॉक्टरने छातीचा फोटो काढला, उजेडाकडे धरला आणि दोनच गोष्टी विचारल्या, काम कुठे करता आणि वय किती. वय चव्वेचाळीस होतं. डॉक्टर म्हणाला, "वाफ सोडा. आणखी दोन-तीन वर्षं तिथे राहिलात तर माझ्याकडे द्यायला औषध नाही."

म्हणून शहाण्णव साली ते भेस्तानला आमच्या शेडमध्ये दगड रंगवायला आले. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो.

मी तिथे दगड कापत होतो. माझं नाव सखाराम. गाव जिंतूर तालुक्यातलं. सुरतेत आधी नऊ वर्षं सेंट्रिंगचं काम केलं. पायावर फळी पडली, पाय अधू झाला, तेव्हा एका जागी उभं राहून करायचं काम शोधलं आणि धनसुखभाईंच्या शेडमध्ये लागलो. धनसुखभाई आमचे शेठ. शेडमध्ये कापायचं मशीन एक, घासायच्या थाळ्या तीन, पॉलिशचे पट्टे दोन. माणसं सगळी मिळून अकरा.

अकीकचा दगड बाहेरून भाजलेल्या बटाट्यासारखा दिसतो. आमच्याकडे तो राजपीपळ्याच्या बाजूने यायचा. शिकंज्यात दगड घट्ट धरायचा, हिऱ्याच्या कणीचं ब्लेड लावायचं, वरून तेलाची धार सोडायची. एक काप पडायला दगडाप्रमाणे दहा ते पंचवीस मिनिटं लागतात. घाई केली की ब्लेड वाकतं आणि काप एका बाजूला जाड होतो. माझे काप सहा मिलीमीटरचे. सहा म्हणजे सहा. आत झाडाच्या ओंडक्यासारखी वर्तुळात वर्तुळं असतात आणि कधी अगदी मधे खडीसाखरेसारखे चमकणारे खडे. अशा चकत्या घासायच्या, रंगवायच्या, शेवटी पॉलिश करायच्या. कडेची खडबडीत साल तशीच ठेवायची. लोक त्या लाकडी स्टँडवर उभ्या करून दिवाणखान्यात मांडतात. काहींना नुसते दगड जमवायचा नाद असतो, तेही घेतात. मुंबईचा एक व्यापारी आमच्या चकत्या पेट्या भरून परदेशी पाठवायचा.

पॉलिशवर शोभाबाई होत्या, अकोल्याकडच्या. त्या म्हणायच्या, "आमच्या वावरात असे मायंदळ. आमी उचलून बांधावर फेकतो, अन् हे लोक काचेच्या कपाटात ठेवतात."

आमच्या दगडाचा मूळ रंग राखाडी. राखाडी चकती कोणी घेत नाही. आधी शेठ घासलेला माल खंभातला रंगवायला पाठवायचे. येण्या-जाण्यात महिना जायचा, वर दहा-वीस चकत्या फुटून यायच्या. मग त्यांच्या डोक्यात आलं की सुरतेत गल्लीगल्लीत रंगारी आहेत, त्यातला एक आपल्याकडे का नको? त्यांनी शेडच्या मागची खोली रिकामी केली, एनॅमलच्या दोन टाक्या आणल्या आणि आबांना ठेवलं. आबांबरोबर त्यांची बायको मालतीबाईही आल्या. चकत्या धुणं, रॅकवर लावणं, टाकीत सोडणं ही कामं त्या करायच्या.

आबांना रंग ठाऊक होता, दगड ठाऊक नव्हता. पहिल्याच घाण्यात त्यांनी कापडासारखं पाणी उकळलं आणि त्यात गार चकत्या सोडल्या. टाकीतून चट् चट् आवाज यायला लागला. चाळीसपैकी एकवीस चकत्यांना चिरा गेल्या. आबा टाकीजवळ कान नेऊन म्हणाले, "कपडं बोलत नही, हाऊ बोलस." कापड बोलत नाही, हा बोलतो. दुसऱ्या वेळी त्यांनी पाणी कोमट ठेवलं, पण माल एका दिवसात बाहेर काढला. निळा सुंदर दिसत होता. शोभाबाईंनी पट्ट्यावर धरला आणि सगळा निळा पट्ट्यावर गेला, चकती पुन्हा राखाडी. रंग कांद्याच्या पापुद्र्याइतकाही आत गेला नव्हता.

दुसरा कोणी असता तर शेठला सांगितलं असतं की दगड खराब आहे. आबांनी सहा महिने तुकडे रंगवले. प्रत्येक तुकडा फोडून आत बघितला. शेवटी हिशेब बसला. पिवळ्या खड्यांच्या, म्हणजे एका रासायनिक मिठाच्या, पाण्यात बारा दिवस. एकदा साध्या पाण्यातून काढायचं, दोनदा नाही, कारण दुसऱ्यांदा धुतलं की आत गेलेलं मीठ बाहेर येतं. मग हिराकसच्या, म्हणजे लोखंडाच्या मिठाच्या, पाण्यात सात दिवस. पाणी हाताला सोसेल इतकंच गरम, दिवसातून चार वेळा हात घालून बघायचं. निळा रंग बाहेरून घालायचा नसतोच. दोन पाणी दगडाच्या आत भेटतात आणि तिथे निळा तयार होतो. हे आबांनी मला तुकडा फोडून दाखवलं तेव्हा पटलं.

त्या दीड वर्षात त्यांच्या छातीतली पिपाणी कमी झाली. पहिल्या दिवशी गेटपासून शेडपर्यंत यायला ते दोनदा थांबले होते. पुढे पाण्याचे दोन डबे उचलून न थांबता यायचे. मी बघत होतो, म्हणून सांगतो.

सत्त्याण्णवच्या आषाढात शेठने सगळ्यांना एकत्र बोलावलं. मुंबईच्या व्यापाऱ्याला तीनशे चकत्या हव्या होत्या, गडद निळ्या, एकसारख्या. नवरात्राच्या आत तो स्वतः बघायला येणार होता. एवढा मोठा घाणा आम्ही कधी टाकला नव्हता.

शेठ म्हणाले, "पास हो गया तो रंगखाना चालू. नहीं तो माल फिरसे खंभात जाएगा, और इस कमरे में मैं घिसाई की दो थाली लगाऊंगा." मग आबांकडे बघून जरा हळू म्हणाले, "हिलालभाई, तुम्हारे लिए घिसाई में जगह है."

घासाईत जागा होती, पण दगडाची धूळ त्या छातीला वाफेपेक्षा वाईट. हे शेठलाही माहीत होतं. गावाकडे आबांची जमीन नव्हती. मुलगी नूतन दहावीत. राहिलं एक पलसाणा. तिथल्या सुपरवायझरने नेमका त्याच आठवड्यात निरोप पाठवला होता की दिवाळीचा माल आलाय, जुना माणूस पाहिजे, नवरात्रापर्यंत जागा धरून ठेवतो.

आबांनी निरोप घेऊन आलेल्याला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. "सांगतो," एवढंच म्हणाले. मालतीबाई बाजूला चकत्या धूत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मी दगड निवडले. चिरा नसलेले, वर्तुळं बारीक असलेले. तीनशेसाठी मी तीनशे चाळीस काप पाडले आणि चाळीस बाद केले. घासाई झाल्यावर तेल काढायचं काम माझं. कापताना दगडात तेल जातं. जिथे तेल, तिथे रंग शिरत नाही. म्हणून सोड्याच्या गार पाण्यात घालून हळूहळू तापवायचं, म्हणजे चिरा जात नाहीत, दोन तास उकळायचं, तसंच निवत ठेवायचं, मग धुवायचं. हे मी श्रावणात, कानबाईच्या सोमवारी केलं. आबा आणि मालतीबाई त्या दिवशी सुटीवर होते. कानबाई ही खानदेशातल्या लोकांची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला दागिने घालून घरी बसवतात आणि सोमवारी वाजत-गाजत तापीवर नेऊन बोळवतात. त्या दिवशी सुरतेतले निम्मे खानदेशी कामावर नसतात. संध्याकाळी मी तीनशे चकत्या लाकडी रॅकच्या खाचांत उभ्या लावल्या, ताटाळ्यात ताटं लावतात तशा, आणि घरी गेलो.

मंगळवारी आबांनी माल पिवळ्या पाण्यात सोडला. बारा दिवस. मग हिराकसमध्ये सात दिवस. शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे रंगखान्याच्या दाराशी उभे होतो. शेठही आले.

पहिली चकती बाहेर आली. हिराकसमधून काढताना रंग फिकट असतो, हवा लागली की चढत जातो. आम्ही थांबलो. निळा चढला. असा गडद निळा आमच्या शेडमध्ये आधी झाला नव्हता. फक्त सालीच्या जरा आत, एका बाजूला, करंगळीच्या टोकाएवढा एक पांढुरका ठिपका राहिला होता.

आबांनी दुसरी काढली. ठिपका. तिसरी काढली. ठिपका.

एकेक करत सगळ्या काढल्या. सगळ्यांना ठिपका. अकीक सगळीकडे सारखा रंग पीत नाही. मधला खड्यांचा भाग पांढराच राहतो, काही वर्तुळंही राहतात. पण तो दगडाचा स्वभाव असतो आणि प्रत्येक दगडाचा वेगळा. तीनशे दगडांना एकाच जागी एकच ठिपका निघत नाही.

"आ शुं छे?" शेठ म्हणाले. एक चकती हातात घेऊन त्यांनी अंगठ्याने घासून बघितली. मग माझ्याकडे वळले. "सखाराम, तेल. तूने तेल बराबर नहीं निकाला."

"दोन तास उकळलंय, शेठ."

"दो घंटा या डेढ़ घंटा?"

"दोन. घड्याळ लावून."

"तो ये क्या है? मशीन तेरी, तेल तेरा, सोडा तेरा."

दोन तास म्हणजे दोन तास. पावणेदोन मी कधी केले नाहीत. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही वाटलं की माझंच काही चुकलं. मी मनात सोड्याचं वजन पुन्हा करत होतो. आपल्या हातून हे झालं आणि आबा पलसाण्याला गेले, तर रोज या दारातून आत कसं यायचं?

शोभाबाई म्हणाल्या, "शेठ, अंगावर काहून जाता त्याईच्या? तेल असतं तर सगळ्या अंगावर असतं ना. हे काय, टिकली लावल्यावानी."

आबा एव्हाना खाली बसले होते. त्यांनी एक चकती घेतली आणि रिकाम्या रॅकच्या खाचेत उभी केली, तसूभर फिरवली. ठिपका बरोबर वर आला. दुसरी उभी केली. वर आला. तिसरीचाही वर. मग म्हणाले, "सखारामभाऊ, तुमचं नाही. उकळताना चकत्या पिंपात आडव्या असतात. हे रॅकवर असताना झालंय. उकळल्यावर, टाकीत जायच्या आधी. वरून कोणी बोट लावलंय."

त्यांनी स्वतःचं बोट ठिपक्यावर ठेवलं. बोट मोठं होतं. त्यांनी मागे बघितलं नाही. मी बघितलं. मालतीबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

आबा उठले. "शेठ, चूक माझी. खोली माझ्या ताब्यात आहे. मी बघायला पाहिजे होतं."

"किसने लगाया?"

"ते राहू द्या. चूक माझी."

"राहू द्या कसं?" मालतीबाई पुढे आल्या. "सखारामभाऊले बोल बसी राह्यनात, तुम्ही आंगवर ली राह्यनात. मी लायं. कानबाईना दिवानं तेल. मी लायं."

आबा म्हणाले, "कसाले?"

"तुमले परत पलसानाले जानं पडाले नको म्हनीसन."

मग त्यांनी सगळं सांगितलं, अर्धं अहिराणीत, अर्धं मराठीत. देवीची बोळवण झाल्यावर समईत तेल उरलं होतं. ते त्यांनी खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरलं. मंगळवारी सगळ्यांच्या आधी शेडमध्ये आल्या आणि रॅकवरच्या तीनशे चकत्यांना एकेक बोट लावलं. एकही सोडली नाही. देवीने हा माल पास करावा म्हणून. कोणाला दिसू नये म्हणून लगेच पदराने पुसलंही.

मी विचारलं, "वहिनी, अशी रीत आहे का तुमच्यात?"

"रीत कशाची, भाऊ? रीत नाही. माझ्या मनात आलं."

पुसलं तरी तेल आत गेलं होतं. सोड्यातून नुकता निघालेला, वाळलेला दगड असतो कोरडा ठणठणीत. थेंबभर मिळालं तरी पितो.

शेठना किती राग आला असेल ते तोंडावर दिसत होतं. पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "कया माताजी?"

"कानबाई."

शेठनी हातातली चकती खाली ठेवली आणि हात जोडले. तसे जोडलेलेच ठेवून म्हणाले, "मालतीबेन, माताजी को बोलना था तो मुँह से बोलती. तेल क्यूँ लगाया? तेल?"

शोभाबाई हसल्या. मग मीही हसलो. मालतीबाई रडत होत्या त्या तशाच थांबल्या. आबा हसले नाहीत. ते ठिपका बघत होते.

शेठ म्हणाले, "फिरसे सोडे में उबालो सबको. तेल निकल जाएगा."

"नाही," आबा म्हणाले. "सोड्यात घालायचं नाही."

त्यांनी टाकीच्या तळातून एक फुटलेला निळा तुकडा काढला. माझ्याकडून वाटीभर सोड्याचं गरम पाणी मागितलं. तुकडा त्यात टाकला. चहा होईपर्यंत आम्ही तिथेच उभे राहिलो. बाहेर काढला तेव्हा तुकड्याच्या कडा गंजल्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या. हा निळा सोडा सहन करत नाही. आबांना ते पलसाण्यापासून माहीत होतं. तरी शेठच्या डोळ्यांसमोर करून दाखवलं. तीनशे चकत्या सोड्यात गेल्या असत्या तर संपलंच होतं.

"मग?" मी विचारलं.

"साडीवर मागाचं तेल पडलं तर काय करतात?"

हे सुरतेत कोणालाही माहीत आहे. मार्केटमध्ये डाग काढणारे बसतात, पांढऱ्या पेट्रोलने डाग काढतात. पेट्रोल तेल सोडवतं, रंगाला हात लावत नाही.

शेठ जरा घुटमळले. "माताजी का तेल है. पेट्रोल से निकालेगा?"

आबा म्हणाले, "शेठ, समईत होतं तोवर देवीचं. दगडात गेलं की डाग."

मालतीबाईंनी दगडांकडे बघत नमस्कार केला. शेठ स्कूटर काढून स्वतः मार्केटमध्ये गेले आणि पेट्रोलचे दोन कॅन घेऊन आले.

आधी आबांनी एकच चकती केली. एक, तीनशे नाही. शेठ घाई करत होते, पण आबांनी ऐकलं नाही. झाकणाच्या डब्यात पेट्रोल, त्यात चकती एक दिवस. मग वारा लागेल अशा जागी एक रात्र. मग ठिपक्यावर पाण्याचा थेंब सोडायचा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर तेल आहे, पसरून आत गेला तर गेलं. थेंब उभा राहिला. पुन्हा एक दिवस, नवं पेट्रोल. या वेळी थेंब पसरला. तेव्हा बाकीच्या दोनशे नव्व्याण्णव घातल्या. शेडच्या मागे, उघड्यावर, बिडी पिणाऱ्यांना वीस पावलांवर थांबवून. पेट्रोलच्या वासाने आबांना खोकला आला तेव्हा मी त्यांना गेटवर पाठवलं आणि ते काम मी आणि मालतीबाईंनी केलं. प्रत्येक चकतीला थेंब लावून बघितला. तीनशे थेंब. ज्यांचा उभा राहिला अशा सतरा निघाल्या, त्या परत घातल्या.

मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. पिवळं पाणी बारा दिवस, हिराकस सात दिवस. आधीच निळा झालेला दगड पुन्हा रंग घेईल का, घेतला तर ठिपक्याभोवती कडा दिसेल का, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येत नव्हतं. हिशेब केला तेव्हा माल नवरात्राच्या सहा दिवस आधी बाहेर येत होता. पॉलिशला चार दिवस. उरले दोन. तिसरी संधी नव्हती.

त्या एकोणीस दिवसांत मालतीबाई रंगखान्यात आल्या नाहीत. बाहेर बसून घासलेल्या दुसऱ्या मालाची साल साफ करायच्या. आबा म्हणाले, "ये ना आत." त्या म्हणाल्या, "नको. माझा हात नको लागायला." शोभाबाई त्यांना चिडवायच्या, "मालती, माझ्या पट्ट्याले लावते का गं बोटभर तेल? लय तापते." पहिले दोन दिवस मालतीबाईंना राग यायचा. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "तुझ्या जिभेला लावते." त्यानंतर बरं चाललं.

आबा दिवसातून चार वेळा पाण्यात हात घालून बघायचे. एकदा मी म्हणालो, तीन वेळा बघितलं तर काय होईल? ते म्हणाले, "होणार काही नाही. पण मग चौथ्या वेळी मी घरी बसून तेच बघत बसेन."

एकोणिसाव्या दिवशी सकाळी माल काढला. या वेळी शेठ दाराशी आले नाहीत. गेटवर उभे राहून पान खात होते. आबांनी पहिली चकती काढून उभी केली. हवा लागली, निळा चढायला लागला. कड दिसत होती. ठिपक्याच्या जागी फिकट गोल. आम्ही थांबलो. कडेचा निळा चढून थांबला आणि गोल चढत राहिला, अर्धा तास, पाऊण तास. तासाभराने मी चकती हातात घेतली, खिडकीकडे धरली आणि जागा शोधली. शोधावी लागली. मोठ्या मुश्किलीने सापडली.

"वहिनी," मी हाक मारली. "आत या."

त्या आल्या. चकतीला हात न लावता वाकून बघितलं. या बाजूने, त्या बाजूने. "कोठे शे?" त्यांनी विचारलं. कुठे आहे?

"तेच विचारतोय," मी म्हणालो.

आबा रॅकला टेकून उभे होते. त्यांनी मोठा श्वास घेतला आणि सोडला. त्यात पिपाणीचा आवाज नव्हता. निदान मला ऐकू आला नाही.

सगळ्या तशा निघाल्या असं मी म्हणणार नाही. तीनशेपैकी अकरांना ठिपक्याची सावली राहिली. त्या बाजूला काढल्या. बाद केलेल्या चाळीसमधल्या बऱ्या अकरा घालायला वेळ नव्हता, तेव्हा शेठने व्यापाऱ्याला दोनशे एकोणनव्वदच दाखवल्या आणि खरं काय ते सांगितलं. देवीचं सोडून.

व्यापारी आला तो बारीक माणूस, चष्मा कपाळावर. त्याने खिडकीत बसून प्रत्येक चकती उजेडात धरली. दोन तास बसला. चहा दोनदा नाकारला. मला असा माणूस आवडतो. शेवटी म्हणाला, "निळा आतपर्यंत आहे. खंभातला एवढा जात नाही. कोणी केला?"

शेठनी आबांकडे बोट केलं.

"हिरवा जमेल?"

शेठ आबांना म्हणाले, "हिलालभाई, लीलो फावशे?"

आबांनी लगेच हो म्हटलं नाही. म्हणाले, हिरव्याला दगड भट्टीत तापवावा लागतो, भट्टीचा धूर होतो, तो मी घेणार नाही. भट्टी शेडच्या बाहेर, मागच्या भिंतीला, उंच धुराडं लावून. आणि सहा महिने तुकड्यांवर काम, त्याआधी एकही चकती देणार नाही. शेठ व्यापाऱ्याकडे बघत म्हणाले, "देखा? मेरा नौकर मुझे शर्त बताता है." आणि लगेच भिंत बघायला मागे गेले.

त्या दिवशी चार वाजताच सुटी झाली. भेस्तानच्या फाटकाजवळ एक एसटीडी बूथ होता. मी, आबा, मालतीबाई असे तिघे तिथे थांबलो. आबा आत गेले, पलसाण्याचा नंबर लावला. सुपरवायझर लाइनवर यायला वेळ लागला. आबा काचेतून आमच्याकडे बघत उभे होते.

"साहेब, हिलाल बोलतोय. हो, जेटवरचा. माझी जागा दुसऱ्याला द्या. नाही. नाही, दिवाळीनंतरही नाही."

बूथवाला म्हणाला, बाई, दार लावा, आवाज बाहेर येतो. मालतीबाई हाताने दार धरून उभ्या होत्या. त्यांनी ते लावलं नाही.